शिकवणीबाहेरचा तास : पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला आणि पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले, की खासगी शिकवणीविषयीची पत्रे येऊ लागतात. शिकवणी लावावी का, कोणती लावावी, लावली तरी फरक का पडत नाही, असे त्यांचे विषय असतात. शिकवणी ही आता केवळ शहरातील सुखवस्तू घरांपुरती गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ मधील ८०व्या फेरीत, त्या शैक्षणिक वर्षात खासगी शिकवणी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण देशभरात २७ टक्के आढळले. शहरी भागात ते ३०.७ टक्के होते आणि ग्रामीण भागात २५.५ टक्के. म्हणजे कोल्हापूर शहराच्या राजारामपुरीतील पालकाला पडणारा प्रश्न याच जिल्ह्यातील भुदरगडच्या वाडीवरील पालकालाही जवळजवळ तितकाच पडतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. चौथीपासून तो आमच्या गल्लीतल्याच शिकवणीला जातो. तिथल्या चाचण्यांत त्याला चांगले गुण मिळतात, परंतु शाळेच्या परीक्षेत तेच प्रश्न जरा फिरवून आले की तो अडतो. घरी अभ्यासाला बस म्हटले, तर "क्लासमध्ये झालाय की अभ्यास" असे सांगून दप्तर उघडतच नाही. शिकवणी बदलावी का?
— एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : बदलण्याचा निर्णय आठवडाभर थांबवा आणि त्याआधी एक गोष्ट करून पाहा. शिकवणीत मागच्या आठवड्यात झालेली तीन उदाहरणे घ्या, त्यांतील आकडे बदला, आणि कोऱ्या कागदावर ती मुलाला सोडवायला द्या. जवळ वही नको, पुस्तक नको, आणि आपणही काही सुचवू नका. तो कुठे थांबतो, एवढेच पाहायचे आहे. काही मुले प्रश्नाची भाषा न कळल्यामुळे थांबतात. काही मुले योग्य रीतीने सुरुवात करतात, पण आकडेमोडीत चुकतात. या दोन्ही अडचणी साध्या आहेत आणि चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली दोन-तीन महिन्यांत सुटतात. परंतु काही मुले पहिली ओळच लिहीत नाहीत. ती पेन्सिल धरून आपल्या तोंडाकडे पाहत राहतात, कारण पहिली ओळ नेहमी कोणीतरी सांगते याची त्यांना सवय झालेली असते. आपल्या वर्णनावरून आपला मुलगा या तिसऱ्या प्रकारात मोडत असावा, असे मला वाटते.

सातवीच्या सरळव्याजाचेच उदाहरण घेऊ. मुद्दल ५००० रुपये, दर साल दर शेकडा ८, मुदत ३ वर्षे, तर व्याज किती, असा प्रश्न शिकवणीत दहा वेळा सोडवून घेतलेला असतो. सूत्रात आकडे भरले की १२०० रुपये हे उत्तर निघते. शाळेच्या परीक्षेत मात्र विचारले जाते, की ५००० रुपयांवर ८ टक्के दराने १६०० रुपये व्याज मिळण्यास किती वर्षे लागतील? मुलगा म्हणतो, "हे शिकवलंच नाही." वस्तुतः नवे असे त्यात काहीही नाही. एका वर्षाचे व्याज ४०० रुपये होते हे त्याला काढता आले, तर ४ वर्षे हे उत्तर समोरच आहे. अशा वेळी "एका वर्षाचे व्याज किती होईल?" एवढाच प्रश्न विचारून पुढे गप्प राहणारा शिक्षक मुलाचे भले करतो. गप्प राहणे ही शिकवण्यातील फार अवघड गोष्ट आहे. पाच मुले समोर बसलेली असतात, तास संपत आलेला असतो, आणि उत्तर सांगून टाकण्याचा मोह प्रत्येक मिनिटाला होतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगत आहे. शाळेत नोकरी लागण्यापूर्वी चार वर्षे मी मंगळवार पेठेत घरोघरी शिकवण्या करीत असे. मुलाचे अडले की त्याच्या हातातील पेन्सिल घेऊन मीच पुढचे गणित सोडवीत असे. वही देखणी दिसायची, पालक समाधानी असायचे, मुलांना गुणही चांगले पडायचे. त्यांपैकी एक मुलगा दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला आणि अकरावीच्या दिवाळीत मला भेटायला आला. तो म्हणाला, "बाई, वर्गात समजतंय, पण घरात बसलं की कुठनं सुरू करायचं तेच कळंना झालंय." त्याचे दुःख खरे होते, आणि त्याला मी कारणीभूत होते. पुढे शाळेत ३४ वर्षे गणित शिकवताना ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

आता आपण काय करावे? शिकवणीच्या बाईंना किंवा सरांना सवडीने भेटा आणि तक्रारीच्या सुरात नव्हे, तर मदत मागण्याच्या भावनेने बोला. तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत मुलाने आधी सोडवून न दाखवलेले, पण शिकवलेल्या भागावर आधारलेले एक उदाहरण एकट्याने सोडवावे, आणि ते चुकले तरी त्या दिवशी दुरुस्त करून देऊ नये, अशी विनंती करा. दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे जावे. चुकांची एक वेगळी वही ठेवावी. तीत चुकलेले उदाहरण, चूक कोठे झाली हे मुलाच्याच शब्दांत एक ओळ, आणि आठ दिवसांनी त्याच प्रकारचे दुसरे उदाहरण असावे. पालकांनी पाहण्यासारखी वही हीच आहे. फळ्यावरून उतरवलेली, एकही खाडाखोड नसलेली वही पाहून मला हल्ली काळजी वाटते, कारण तीत शिक्षकाचे अक्षर नसले तरी विचार शिक्षकाचाच असतो.

घरी आपण शिकवण्याची गरज नाही. दिवेलागणीनंतरची ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि सुरुवातीला केवळ २५ मिनिटे पुरेत. त्या वेळात दूरदर्शन संच बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, तोही केवळ मुलाचा नव्हे, तर घरातील सर्वांचा. आपण शेजारी बसून भाजी निवडा, हिशेब लिहा, वाचा. पहिले आठ-दहा दिवस तो कुरकुर करील, वेळ काढील. त्याला ते करू द्या, परंतु जागा सोडू देऊ नका. तीन आठवड्यांनी वेळ ४० मिनिटांवर न्या. एवढे सगळे करूनही शिकवणीचे शिक्षक सहकार्य करीत नसतील आणि चुकांची वही ठेवायला त्यांना वेळ नसेल, तर मात्र शिकवणी अवश्य बदला.

प्रश्न : मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. आम्ही कसबा बावड्यात राहतो. मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. भाषा आणि समाजशास्त्रात हुशार आहे, भूमितीही जमते, पण बीजगणितात फार मागे पडते. राजारामपुरीतला एक मोठा क्लास सगळ्या विषयांची मिळून एकरकमी फी मागत आहे. आमच्या घराजवळ एक निवृत्त शिक्षक फक्त गणितासाठी पाच-सहा मुले घेतात. नातेवाईक म्हणतात, दहावीला मोठा क्लास लावलाच पाहिजे. काय करू?
— एक वडील, कसबा बावडा

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत स्पष्ट आहे : घराजवळच्या निवृत्त शिक्षकांकडे पाठवा. मुलीची अडचण एका विषयाच्या एका भागात आहे. त्यासाठी सर्व विषयांचे पैसे भरणे म्हणजे एक चाक पंक्चर झाले म्हणून चारही चाके बदलण्यासारखे आहे, आणि त्यात पैशांपेक्षा वेळ अधिक जातो.

वेळेचा हिशेब आपण स्वतः मांडून पाहा. शाळेचे सहा तास झाल्यावर मुलगी बावड्याहून के.एम.टी.च्या बसने राजारामपुरीत जाणार, अडीच तास बसणार आणि परत येणार. थांब्यावर वाट पाहण्याचा वेळ धरला, तर जाण्यायेण्यात तासाहून अधिक वेळ सहज जातो. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ-नऊ होतात. जेवण झाल्यावर डोळे मिटू लागतात. या दिवसात तिने एकटीने, कोणी न सांगता, बीजगणिताचे पान उघडण्याचा तास कोणता? असा तास उरत नसेल, तर क्लासमध्ये ऐकलेले पक्के कधी होणार? शिकवणीत जितका वेळ जातो, किमान तितकाच वेळ घरी स्वतःच्या अभ्यासाला मिळाला पाहिजे, असा माझा आग्रह असतो. जो क्लास ती वेळ खाऊन टाकतो, तो कितीही नामांकित असला, तरी आपल्या मुलीच्या उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट बीजगणिताविषयी. दहावीच्या गणित भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी असे घटक आहेत, आणि लेखी पेपर ४० गुणांचा असतो. मुली-मुलांना वर्गसमीकरण येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा वर्गसमीकरण येत नसते असे नाही. ऋण संख्यांची वजाबाकी, अपूर्णांकांचा छेद समान करणे, कंसापुढील ऋण चिन्ह आत घेताना चिन्हे बदलणे, अशा सहावी ते आठवीतील दोन-तीन जागा कच्च्या राहिलेल्या असतात. शंभर मुलांच्या वर्गात शिक्षक कितीही उत्तम असले, तरी त्यांना दहावीच्या पाठ्यक्रमाच्या वेगाने पुढे जावेच लागते. त्यांना आपल्या मुलीसाठी सहावीत परत जाता येत नाही. पाच-सहा मुले असलेले शिक्षक जाऊ शकतात. म्हणून त्यांना प्रथम भेटाल तेव्हा "दहावीचा पोर्शन केव्हा संपेल?" असे न विचारता "हिचे मागचे कोठे कच्चे आहे, ते पंधरा दिवसांत शोधून सांगाल का?" असे विचारा.

थोड्या मुलांना शिकवण्याचा लाभ किती होतो, यावर अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ मधील लेख प्रसिद्ध आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगांत वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला होता. नंतरच्या संशोधनांत शिकवणीचा लाभ दिसला, पण तो इतका मोठा नव्हता, त्यामुळे या आकड्याच्या मोहात पडू नये. मला त्या लेखातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्याच प्रयोगांत एक गट सुमारे तीस मुलांच्या वर्गातच शिकत होता, परंतु प्रत्येक घटकानंतर छोटी चाचणी, तीत आढळलेल्या चुकांची दुरुस्ती आणि मगच पुढचा घटक, अशी शिस्त तेथे होती. त्या गटातील सरासरी विद्यार्थीही नेहमीच्या वर्गातील ८४ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे होता. म्हणजे लाभाचा मोठा वाटा चूक वेळेवर सापडण्यात आणि दुरुस्त होण्यात आहे. शिकवणी निवडताना भिंतीवरील गुणवंतांची छायाचित्रे पाहण्याऐवजी चाचणीचा पेपर तपासून किती दिवसांनी परत मिळतो आणि परत मिळाल्यावर त्याचे काय करतात, हे पाहा.

मोठ्या क्लासचा विचार मनात असेलच, तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना माहीत असाव्यात. त्यांची अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या केंद्रांसाठी त्या आहेत. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना किंवा माध्यमिक परीक्षेपूर्वी प्रवेश देऊ नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, शिकवणारे किमान पदवीधर असावेत, शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क १० दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. शुल्क एकरकमी मागितले जाते तेव्हा परताव्याचा नियम लेखी मागा आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. आपले पैसे घामाचे आहेत, असा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. पेठेतल्या तालमीच्या ज्युनिअर संघाकडून फुटबॉल खेळतो. बाबा म्हणतात, खेळ बंद कर आणि संध्याकाळी क्लासला जा. मी अभ्यास करतो, विज्ञानाचा धडा तीन-तीन वेळा वाचतो, क्लासच्या नोट्सही वाचतो, पण पेपरमध्ये आठवत नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
— एक विद्यार्थी, मंगळवार पेठ

उत्तर : तुझी स्मरणशक्ती चांगली आहे. समोरच्या संघातला कोणता खेळाडू डाव्या पायाने मारतो हे तुला मागच्या हंगामापासूनचे आठवत असेल. तुझ्या अभ्यासाची रीत मात्र बदलायला हवी. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेल्या गोष्टी सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत फार झपाट्याने विसरल्या जातात आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी तीन वेळा वाचण्यापेक्षा आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात एकेकदा उजळणी केलेली जास्त टिकते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती उजळणी पुस्तक बंद करून करायची. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे गेले. तुला पुस्तक मिटताना "येतंय सगळं" असे का वाटते, ते यावरून कळेल. धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिट, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही : व्याख्या, आकृती, कारणे, काहीही. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भर. दोन दिवसांनी पुन्हा तेच कर. लाल शाई कमी झालेली दिसेल. क्लासच्या नोट्स वाचून काढण्याऐवजी क्लासमधून आल्यावर आधी असा कागद लिही आणि मग नोट्सशी ताडून पाहा.

खेळ सोडू नकोस. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी असे सांगते, आणि तुझा सराव तेवढाच असतो. परंतु बाबांची काळजीही खरी आहे, ती समजून घे. त्यांच्याशी एका सत्रापुरता करार कर : सकाळी शाळेपूर्वी एक तास हा अभ्यास, सराव झाल्यावर कट्ट्यावर न थांबता थेट घरी येणे, आणि सत्र परीक्षेनंतर दोघांनी बसून पुन्हा विचार करणे. क्लास हवाच असेल, तर सकाळची किंवा रविवारची तुकडी मिळते का ते विचारा. हे उत्तर बाबांनाही वाचायला दे.

प्रश्न : मुलीच्या वर्गशिक्षकांनीच तिला शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी शिकवणीला पाठवा, असे सुचवले आहे. नाही म्हटले तर तिच्याकडे दुर्लक्ष होईल, अशी भीती वाटते.
— एक पालक, नाव-गाव न देण्याची विनंती

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच कायद्यातील कलम २४ प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवते. म्हणून नकार देताना कायद्याची भाषा न वापरता एवढेच म्हणा : "सर, ती कोठे मागे आहे ते आम्हाला सांगा. शाळेतच थोडे जादा मार्गदर्शन करता आले, तर घरी आम्ही सराव करून घेऊ." बहुतेक शिक्षक याला चांगला प्रतिसाद देतात. दुर्लक्ष होत असल्याचे प्रत्यक्ष दिसले, तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि पत्राची पोच घ्या.

प्रश्न : मुलगा आणि सून कामासाठी पुण्यात असतात. चौथीतली नात आणि सहावीतला नातू आम्हा दोघांजवळ असतात. गावात शिकवणी नाही, आणि तालुक्याला पाठवणे परवडणारे नाही. मी जुनी सातवी शिकलेला शेतकरी. नवीन गणित मला येत नाही. या पोरांचे नुकसान होते आहे असे सारखे वाटत राहते.
— एक आजोबा, भुदरगड तालुका

उत्तर : आजोबा, आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली तळमळ पाहता ही मुले निराधार नाहीत, हे आधी सांगते. शिकवणीतून मुलाला तीन गोष्टी मिळतात : अभ्यासाला बसण्याची ठरलेली जागा आणि वेळ, आपले ऐकणारे व पाहणारे कोणी तरी मोठे माणूस, आणि विषयाचे ज्ञान. यांतील पहिल्या दोन गोष्टी आपण देऊ शकता, आणि लहान वयात त्यांचेच मोल जास्त असते. आपल्या या जिल्ह्याला हे नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला होता. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेइतकीच गरज असते ती पोटभर जेवणाची, दिव्याची आणि अभ्यासाला सोबत बसणाऱ्या चार जणांची, हे त्यांनी ओळखले होते.

नातीकडून रोज मराठीच्या पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून घ्या. अडखळली तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. वाचून झाल्यावर "काय वाचलंस ते मला सांग" म्हणा. तिसरीपर्यंत वाचन सुरळीत झाले नाही, तर पुढे गणिताचे शाब्दिक उदाहरण, विज्ञान, भूगोल सगळेच अडते, म्हणून चौथीतील नातीसाठी हे पान चुकवू नका.

नातवाला सांगा, की मला तुमचे नवे गणित येत नाही, तू मला शिकव. हे खोटे नाही, आणि त्यामुळेच ते कामाला येते. तो समजावू लागला की आपण खरोखर जेथे कळत नाही तेथे "असं का?" म्हणून विचारा. दुसऱ्याला समजावताना मुलाला स्वतःचे कोठे कच्चे आहे ते आपोआप कळते. ते उत्तर त्याला देता आले नाही, तर तो प्रश्न वहीत लिहून दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींना विचारून यायचे आणि संध्याकाळी आपल्याला सांगायचे, असा नेम ठेवा. आणि आपल्याला जे येते ते कमी लेखू नका. किती गुंठ्यांचा एक एकर, उसाच्या वजनाची पावती कशी वाचायची, खताच्या पोत्याचा एकरी हिशेब, पाढे, पावकी-निमकी हे सगळे गणितच आहे. सहावीतील मुलाने आपल्या कारखान्याच्या बिलातील टनाला दर आणि कपाती वजा करून हाती आलेली रक्कम पडताळून पाहिली, तर त्याचा अपूर्णांकांचा आणि दशांश चिन्हांचा सराव होतो आणि तुमचाही हिशेब तपासला जातो.

गावात आठवी-नववीतील दोन-तीन मुले असतील, तर त्यांना रोज संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या ओवरीत लहान मुलांबरोबर तासभर बसायला सांगता येईल. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून शाळेची एक खोली व दिवा मिळवा. आपण केवळ तेथे हजर राहा.

प्रश्न : मी एम.एस्सी. झाले आहे आणि रंकाळा परिसरात घरीच पाचवी ते आठवीच्या १२ मुलांची शिकवणी घेते. पालकांना फक्त गुण हवे असतात. मुलांना स्वतः अभ्यास करायला लावले, तर "पैसे घेऊन तुम्ही शिकवत नाही" असे ऐकावे लागते. शिवाय एक मुलगी आता सगळे एकटीने सोडवते. तिच्या आईला "आता शिकवणीची गरज नाही" हे सांगावे का? माझे घर या उत्पन्नावर चालते.
— एक शिक्षिका

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात यातच आपली योग्यता दिसते. पालकांचा आक्षेप स्वाभाविक आहे, कारण त्यांना आपले काम दिसत नाही. त्यांना ते दाखवा. प्रत्येक मुलाची चुकांची वही महिन्यातून एकदा घरी पाठवा आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी द्या : या महिन्यात अमुक प्रकारच्या चुका झाल्या, त्यांतील इतक्या आता होत नाहीत, आणि मूल न विचारता इतकी मिनिटे सलग बसते. गुण परीक्षेनंतर दिसतात, पण ही प्रगती दर महिन्याला दिसते, आणि ती एकदा दिसली की पालक शांत होतात, असा माझा अनुभव आहे.

चार इयत्तांची १२ मुले एका वेळी असतील, तर सर्वांना एकच भाग समजावणे शक्य नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. एका इयत्तेला समजावताना बाकीच्यांना आदल्या दिवशीच्या भागावरचे काम द्या. मूल अडले तर त्याने प्रथम वही पाहावी, मग पुस्तकातील सोडवलेले उदाहरण, मग शेजाऱ्याला विचारावे, आणि त्यानंतरच आपल्याकडे यावे, हा क्रम कटाक्षाने पाळा. नवा भाग शिकवताना एक उदाहरण आपण सोडवा, दुसरे दोघांनी मिळून, तिसरे त्याने आपल्यासमोर आणि चौथे त्याने घरी. मूल तिसऱ्यावर अडले, तर पहिल्यावर परत न जाता दुसऱ्यावर जा. परीक्षेच्या आधी पालकांच्या समाधानासाठी अपेक्षित प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेण्याचा दबाव येईल. त्या काळात दोन जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घ्या. पालकांनाही तयारी झाल्यासारखे वाटते आणि मुलांचे नुकसान होत नाही.

त्या मुलीच्या आईला खरे सांगा. मला आपल्या उत्पन्नाची काळजी कळते, ती मीही केलेली आहे. परंतु आमच्या पेठांमध्ये एका आईने दुसऱ्या आईला "बाईंनी स्वतःच सांगितलं, आता तिला गरज नाही" असे सांगितले, की त्या एका जागेसाठी दोन मुले येतात, हेही मी पाहिले आहे. मात्र एकदम सोडू नका. पाच दिवसांऐवजी या सत्रात तिला तीन दिवस बोलवा, आणि पुढच्या सत्रात केवळ शनिवारी. शुल्कही त्या प्रमाणात कमी घ्या. शनिवारी येताना तिने आठवड्यात एकटीने प्रयत्न करून अडलेली उदाहरणे घेऊन यावीत, आणि प्रत्येक उदाहरणाखाली आपण कोठपर्यंत पोहोचलो ते लिहिलेले असावे, एवढीच अट ठेवा.